फांदी कशाने तोडावी आणि कोठे?

शाळेच्या आवारातील झाडाची एखादी फांदी वाढत वाढत खिडकीत शिरते, येण्याजाण्याच्या वाटेवर डोक्याला लागू लागते किंवा वाळून लोंबत राहते. ती काढायची ठरली की आपल्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. फांदी कशाने तोडावी, आणि नेमकी कोठे तोडावी? पहिला प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे, दुसरा वनस्पतिशास्त्राचा. पहिल्या प्रश्नामागचे तरफेचे तत्त्व आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच मांडले होते आणि त्यावर बेतलेली लांब दांड्यांची कात्री एकोणिसाव्या शतकात माळ्यांच्या हाती आली. दुसऱ्या प्रश्नाचा छडा मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागला. मधल्या दीडशे वर्षांत चांगल्या हेतूने आणि चांगल्या हत्यारांनी असंख्य फांद्या चुकीच्या जागी कापल्या गेल्या. असे का झाले, हे समजून घेणे झाडांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेच. पण पुरावा कशाला म्हणावे, हे विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यांच्या दृष्टीनेही ते तितकेच महत्त्वाचे आहे.

सहा भागांची सुरी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोल्युमेला या रोमन लेखकाने शेतीवर बारा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात द्राक्षवेलीच्या छाटणीसाठी वापरायच्या सुरीचे वर्णन आहे. एकाच पात्याचे त्याने सहा भाग सांगितले आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. मुठीजवळची सरळ धार दाबून कापण्यासाठी, पुढची वळलेली धार ओढून कापण्यासाठी, त्यापुढची तासण्यासाठी, चोचीसारखा भाग पोखरण्यासाठी, पाठीवरचे पाते कुऱ्हाडीसारखा घाव घालण्यासाठी आणि अणकुचीदार टोक अडचणीच्या जागा साफ करण्यासाठी. आपला कोयता हा याच कुळातला.

पण सुरी असो की कोयता, एका पात्याच्या हत्याराला एक मर्यादा असते. पात्याने फांदीवर जोर दिला की फांदी वाकते किंवा मागे सरते. तिने जागेवर राहावे म्हणून एका हाताने ती धरून ठेवावी लागते, नाहीतर घाव इतका वेगाने घालावा लागतो की तिला सरकायला वेळच मिळू नये. पहिल्या रीतीत हात कापण्याची भीती, दुसरीत नेम चुकून साल सोलली जाण्याची. कात्रीने ही अडचण सोडवली. कात्रीचे एक पाते कापते आणि समोरचे फांदीला अडवून धरते.

नौदलमंत्र्याची कात्री

माळ्याच्या एका हातात मावणाऱ्या कात्रीला आज आपण सिकॅटर म्हणतो. ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हे नाव फ्रेंचमध्ये आले. तिच्या शोधाचे श्रेय बर्त्राँ द मॉलव्हिल या फ्रेंच सरदाराला दिले जाते. सोळाव्या लुईच्या राजवटीत १७९१-९२ मध्ये तो नौदलमंत्री होता. राज्यक्रांतीत त्याला इंग्लंडला पळून जावे लागले, आणि परतल्यावर त्याच्या नावाला ही कात्री जोडली गेली. त्याचा मृत्यू १८१८ मध्ये झाला. सुरीवर हात बसलेल्या माळ्यांनी सुरुवातीला तिच्याकडे संशयानेच पाहिले. सुरीचा काप गुळगुळीत येतो, कात्री मात्र फांदी चेंगरते, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो अगदीच निराधार नव्हता.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये उंचावरच्या फांद्यांसाठी एक साधन वापरात होते. लांब दांड्याच्या टोकाला कात्रीचे पाते आणि ते मिटवण्यासाठी दोरी व कप्पी. जॉन क्लॉडियस लाउडन याने १८२२ च्या आपल्या उद्यानविद्येच्या कोशात त्याचे वर्णन केले आहे. त्याचे नाव ‘ॲव्हरंकेटर’. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘अरिष्ट टाळणे’ असा होता, पण कोणीतरी तो ‘उपटून काढणे’ असा समजला आणि त्या गैरसमजातून हत्याराला नाव मिळाले! नाव मागे पडले, पण बांबूला किंवा नळीला लावलेली दोरीची कात्री अजून बागांमध्ये दिसते. लाउडनच्या कोशातच एका निराळ्या कात्रीचे वर्णन आहे. तिच्या एका पात्याचा आस सरकता होता, त्यामुळे ते पाते फांदीवर नुसते दाबले न जाता सुरीसारखे ओढले जाई आणि काप गुळगुळीत येई. माळ्यांच्या आक्षेपाला कारागिरांनी दिलेले ते उत्तर होते.

पंधरापट जोर कोठून येतो?

दोन हातांनी धरायच्या लांब दांड्यांच्या कात्रीला आज बाजारात ‘लॉपर’ म्हणतात. तिचे गणित वर्गात फळ्यावर सहज करता येते. समजा, खिळ्यापासून, म्हणजे टेकूपासून, हातापर्यंतचे अंतर ६० सेंटिमीटर आहे आणि फांदी टेकूपासून ४ सेंटिमीटरवर आहे. ६० भागिले ४ म्हणजे १५. दोन्ही दांड्यांवर १० किलो वजनाइतका जोर दिला, तर पात्यापाशी तो १५० किलो वजनाइतका होतो. छोट्या सिकॅटरमध्ये हाताचे अंतर १२ आणि फांदीचे ३ सेंटिमीटर धरले, तर हा फायदा केवळ चौपट असतो.

आता फांदीकडे पाहू. १ सेंटिमीटर जाडीच्या फांदीच्या जागी ३ सेंटिमीटर जाडीची फांदी आली, तर जाडी तिप्पट होते, पण कापायचे क्षेत्रफळ नऊपट होते. जी कात्री करंगळीएवढी फांदी सहज कापते, ती अंगठ्याहून जाड फांदीवर का अडते, याचे हे साधे उत्तर आहे.

तरफ काही फुकट देत नाही, हेही येथेच दाखवावे. जोर पंधरापट झाला म्हणजे हातांना अंतरही पंधरापट तोडावे लागते. म्हणून लांब दांडे चांगलेच फाकवावे लागतात आणि दाट झुडपात तेवढी जागा मिळत नाही. काही कात्र्यांना दातेरी अडकण असते. तिने एकच काप चार-पाच टप्प्यांत घेता येतो. काहींमध्ये तरफेला दुसरी तरफ जोडलेली असते. दोन्हींत जोर वाढतो, पण हातांचा एकूण प्रवासही वाढतो. शिवाय सुटे भाग जितके जास्त, तितकी खिळखिळी होण्याची शक्यता जास्त.

पात्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात धारदार पाते समोरच्या आकड्यासारख्या बोथट पात्याला घासून बाजूने पुढे जाते. याला बायपास म्हणतात. दुसऱ्यात धारदार पाते एका सपाट पट्टीवर येऊन टेकते, जणू ऐरणीवर. याला ऐरण-कात्री म्हणता येईल. ऐरणीवर फांदी दोन्ही बाजूंनी दबते, त्यामुळे हिरवी फांदी चेंगरते. वाळलेल्या, टणक फांदीसाठी मात्र हा प्रकार चांगला. जिवंत फांदीसाठी बायपास घ्यावी. विकत घेताना दोन्ही पाती एकमेकांना लागून सरकतात की मध्ये फट राहते, हे पाहावे. फट असेल तर फांदी कापली जाण्याऐवजी पात्यांमध्ये दुमडते. खिळ्याचा नट आवळता येतो का आणि पाते काढून धार लावता येते का, हेही विचारावे.

येथपर्यंत पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता अवघड प्रश्न.

शेण, चुना आणि पंधराशे पौंड

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचे आरमार ओकच्या लाकडावर उभे होते. उभे झाड आतून पोकळ निघाले तर ते देशाचे नुकसान होते. विल्यम फॉर्सिथ (१७३७–१८०४) हा राजाच्या केन्सिंग्टन येथील बागांचा प्रमुख. जखमी आणि कुजलेली झाडे पूर्ववत करणारा लेप आपल्याला सापडला आहे, असे त्याने जाहीर केले. लेपाची कृती उघड करण्याच्या बदल्यात त्याला संसदेने १५०० पौंड मंजूर केले आणि १७९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ताजे शेण, जुन्या इमारतींचा पडलेला चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू. पातळ करण्यासाठी मूत्र आणि साबणाचे पाणी! आपल्याकडच्या कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला ही यादी ओळखीची वाटेल.

टॉमस अँड्र्यू नाइट हा वनस्पतींच्या वाढीवर प्रयोग करणारा संशोधक. त्याने १८०२ मध्ये या लेपाच्या गुणाविषयी उघड शंका घेतली. वाद बराच तापला. फॉर्सिथ १८०४ मध्ये मरण पावला. फॉर्सिथिया या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या नावात तो अजून आहे आणि त्याच्या लेपामागची समजूतही पुढे दीडशे वर्षे टिकली. झाडाची जखम म्हणजे माणसाच्या जखमेसारखीच. ती झाकली, मलम लावले की भरून येते, ही ती समजूत.

या समजुतीला १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये दुसऱ्या एका नियमाची जोड मिळाली. काउंट दे कार याने छाटणीवर एक छोटे पुस्तक लिहिले. फांदी खोडाशी अगदी सपाट, रंधा मारल्यासारखी कापावी आणि कापावर कोलटार लावावे, असा त्याचा उपदेश होता. पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. हार्वर्डच्या आर्नल्ड वृक्षोद्यानाचा प्रमुख चार्ल्स सार्जंट याने १८८१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. १९०१ मध्ये जॉन डेव्ही याचे ‘वृक्षवैद्य’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक अमेरिकेत निघाले आणि झाडांवर उपचार करणे हा तेथे एक व्यवसायच झाला. झाडातील कूज खरवडून पोकळी सिमेंटने बुजवणे, म्हणजे जणू दाताची पोकळी बुजवणे, हा त्यातील एक मान्य उपचार होता.

सपाट कापाच्या बाजूने पुरावाही होता, हे ध्यानात घ्यावे. असा काप घेतला की त्याच्या कडेने नवी फुगीर वाढ, म्हणजे किण, जोमाने वर येते. ठेवलेल्या खुंट्यापाशी ती तशी येत नाही. माळी ते पाहत, मोजत आणि जखम लवकर भरते आहे असा निष्कर्ष काढत. निरीक्षण खरे होते. निष्कर्षाकडे जाताना मात्र एक गोष्ट तपासायची राहून गेली होती: सालीच्या आत काय चालले आहे?

आत डोकावून पाहिले तेव्हा

बुरशी कुजलेल्या लाकडातून आपोआप उगवते, असे पूर्वी समजत. जर्मनीतील रॉबर्ट हार्टिग (१८३९–१९०१) याने १८७० च्या दशकात दाखवून दिले की प्रकार उलटा आहे. बुरशीचे तंतू लाकडात शिरतात आणि म्हणून लाकूड कुजते. त्यावरून जखम उघडी राहिली की बुरशी शिरणार, तेव्हा जखम बंद करा, हा विचार आणखी पक्का झाला. या सगळ्यात झाड स्वतः काय करते, याकडे थोड्यांचेच लक्ष होते.

ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) हा अमेरिकेच्या वनविभागातील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ १९५९ पासून या प्रश्नाच्या मागे लागला. त्याच्या आधीच्या संशोधकांना खोड आडवे कापून चकत्या पाहणे सोयीचे पडे. अखंड खोड उभे चिरणे फार कष्टाचे होते. एका माणसाला उचलता येईल अशी यांत्रिक करवत आता मिळू लागली होती. तिच्या साहाय्याने शायगोने हजारो झाडे उभी चिरून पाहिली. जुन्या जखमेपासून कूज वर, खाली, आत आणि बाजूला किती पसरली, हे प्रथमच सलगपणे डोळ्यांना दिसले.

त्यातून एक आश्चर्याची गोष्ट पुढे आली. कूज कशीही पसरत नव्हती. तिला हद्दी होत्या. जखम झाली त्या वेळी खोड जेवढे जाड होते, तेवढ्यातच ती बहुधा कोंडलेली असे. नंतर वाढलेले लाकूड स्वच्छ असे. शायगोने १९७७ मध्ये हे चार भिंतींच्या रूपकाने मांडले. पहिली भिंत जलवाहिन्या बुजवून कुजीला वर-खाली जाण्यास अडवते. ही सर्वांत कमजोर. दुसरी वार्षिक वलयांच्या सीमेवर असते आणि आत जाण्यास अडवते. तिसरी खोडाच्या केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या किरणांसारख्या पेशींची. ती बाजूला जाण्यास अडवते. चौथी भिंत जखमेनंतर ऊतककर, म्हणजे कँबियम, नव्याने बांधतो. जुने लाकूड आणि पुढे वाढणारे लाकूड यांना ती वेगळे करते. ही सर्वांत भक्कम.

माणसाच्या आणि झाडाच्या जखमेत मूलभूत फरक आहे तो येथे. आपल्या त्वचेवर मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाच्या लाकडात तसे होत नाही. झाड जखमी भाग दुरुस्त करत नाही. ते त्याला कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून वाढत राहते. बाहेरून पूर्ण बुजलेली जखम आत तशीच असते.

मग लेपाचे काय? शायगो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेपल आणि एल्म या झाडांवर ठरावीक जखमा करून काहींना निरनिराळे लेप लावले आणि काही तशाच ठेवल्या. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत लेपामुळे कूज थांबल्याचे दिसले नाही. सिमेंटचे तर उलटेच होते. पोकळी खरवडताना झाडाने बांधलेली भिंतच फुटे आणि कुजीला नवा प्रदेश मोकळा होई.

सपाट कापाचे कोडेही सुटले. फांदी खोडाला मिळते तेथे तिच्या बुडाशी एक फुगीर कडे असते, शर्टाच्या कॉलरसारखे. वरच्या बेचक्यात सालीची सुरकुतलेली वळी दिसते. ही कॉलर फांदीची नसून त्यात खोडाचे लाकूड असते. ती कापली की जखम फांदीला होत नाही, खोडाला होते. आकडे पाहा. ५ सेंटिमीटर जाडीची फांदी कॉलरच्या बाहेर कापली तर जखम सुमारे २० चौरस सेंटिमीटर. तीच खोडाशी सपाट कापली आणि ६ बाय १० सेंटिमीटरचा लंबगोल तयार झाला, तर जखम सुमारे ४७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक. शिवाय फांदीच्या बुडाशी झाड जो संरक्षक पट्टा तयार करते, तोही कापला जातो. कडेने जोमाने येणारा किण हा मोठ्या जखमेला झाडाने दिलेला प्रतिसाद होता. ज्याला आपण बरे होण्याची खूण समजत होतो, ती दुखापत किती मोठी आहे त्याची खूण होती.

शायगोच्या मांडणीतील सगळे तपशील आज जसेच्या तसे मानले जातात असे नाही. या भिंती बुरशीला अडवण्यासाठी आहेत की मुळात लाकडात हवा शिरू नये आणि पाणी टिकावे यासाठी, यावर नंतरच्या संशोधकांनी चर्चा केली आहे. कॉलर कापू नये, हा निष्कर्ष मात्र टिकून आहे.

हत्यार आणि ज्ञान एकत्र

आता लांब दांड्यांची कात्री हातात घेऊ. प्रथम कॉलर शोधावी. धारदार पाते खोडाच्या बाजूला आणि आकडा तुटून पडणाऱ्या भागाच्या बाजूला ठेवावा. उलटे धरले तर आकड्याच्या जाडीएवढा खुंटा मागे राहतो आणि आकड्याखाली चेंगरलेला भाग झाडावरच उरतो. खुंटा राहिला तर तो मरतो आणि कुजीला पायरी मिळते; कॉलर कापली तर खोड उघडे पडते. दोन्हींच्या मधली रेघ साधायची. फांदी पात्यांच्या टोकाशी न धरता आत, टेकूजवळ सरकवावी. पंधरापटीचा फायदा तेथेच मिळतो. ४ ऐवजी ८ सेंटिमीटरवर धरली तर तो निम्मा होतो. कापताना दांडे पिळू नयेत. पिळावे लागत असतील, तर फांदी त्या कात्रीच्या आवाक्याबाहेरची आहे.

अशी जाड फांदी करवतीने तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून वीतभर अंतरावर खालून, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून. फांदी पडते, पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसरा काप उरलेला खुंटा कॉलरच्या बाहेर काढण्यासाठी. विजेच्या तारांजवळ धातूच्या दांड्याची कात्री कधीही वापरू नये. फांदीवर घरटे नाही ना, हेही आधी पाहावे. महाराष्ट्राच्या नागरी भागांत झाडे तोडण्यावर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे बंधन आहे. मोठी छाटणी करण्यापूर्वी तेथील वृक्ष प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

हे सगळे सरसकट सर्व वनस्पतींना लागू नाही. नारळ आणि सुपारी यांच्या खोडात ऊतककराचे वलय नसते, त्यामुळे त्यांच्या खोडावरची जखम कडेने बुजतच नाही. नाशिककडच्या द्राक्षबागांत एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या होतात. तेथे बहुतेक काप पेन्सिलीएवढ्या काड्यांवर असतात आणि डोळे किती ठेवायचे हा खरा प्रश्न असतो. छाटणीनंतर द्राक्षाला, डाळिंबाला लावतात ती बोर्डो पेस्ट विशिष्ट रोग अडवण्यासाठी असते. फॉर्सिथच्या लेपाप्रमाणे ती जखम ‘भरून’ आणण्यासाठी नसते.

शाळेत हे करून पाहता येईल. विद्यार्थ्यांनी आवारातील व रस्त्याकडेच्या झाडांवरचे जुने काप शोधावेत. प्रत्येक कापाची नोंद तीन रकान्यांत करावी: खुंटा राहिलेला, खोडाशी सपाट, कॉलरच्या बाहेर. कापाची लांबी-रुंदी मोजावी, किण सगळीकडून सारखा आला आहे की फक्त दोन बाजूंनी, हे लिहावे. सपाट कापावर किण बहुधा बाजूंनी भरघोस येतो आणि वर-खाली कमी पडतो. कॉलरबाहेरच्या कापाभोवती तो कड्यासारखा सगळीकडून येतो. वादळात पडलेले एखादे झाड कापले जात असेल, तर जुन्या जखमेचा तुकडा मागून घ्यावा आणि सुताराकडून उभा चिरून आणावा. काळपट डाग कोठे सुरू होतो, कोठे थांबतो आणि त्याच्या बाहेरचे लाकूड कसे स्वच्छ आहे, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. बाहेरून पूर्ण बुजलेली जखम असेल, तर चिरण्यापूर्वी आत काय असेल याचे अंदाज मुलांकडून लिहून घ्यावेत.